पुस्तक फोनवर पोहोचते, वाचकाच्या खुणा मागेच राहतात

मा. संपादक,

स. न. वि. वि.

डिजिटल वाचनाविषयी वृत्तपत्रांतून जे मार्गदर्शनपर लेखन येते, त्याचा शेवट बहुधा एकाच सल्ल्याने होतो: पुस्तके आणि कागदपत्रे एखाद्या क्लाउड सेवेत ठेवावीत, संगणकावर आणि फोनवर एकाच खात्याने प्रवेश करावा, म्हणजे पुढचे सारे आपोआप सिंक होते. हा सल्ला खोटा नाही, पण तो अर्ध्यावर थांबतो. मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. एकच मजकूर सकाळी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर आणि संध्याकाळी प्रवासात फोनवर वाचणे हा कामाचाच भाग असल्यामुळे या विषयाकडे मला जरा बारकाईने पाहावे लागले. त्यातून झालेले माझे मत असे, की फाइल एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याचा प्रश्न आता जवळजवळ सुटला आहे. मात्र त्या फाइलवर वाचकाने केलेले काम, म्हणजे तो कुठवर वाचत आला, कोणत्या ओळी त्याने अधोरेखित केल्या, समासात काय लिहिले, हे बरोबर नेण्याचा प्रश्न तसाच पडून आहे, आणि तो तसा पडून राहण्यात काही कंपन्यांची सोयही आहे.

आधी सुटलेल्या भागाविषयी, कारण तोही वाटतो तितका निर्वेध नाही. पूर्वीचे अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडले की पेन ड्राइव्हसारखे उघडत. पुढे ती पद्धत मागे पडून एमटीपी नावाची पद्धत रूढ झाली. तिच्यात फोनचा साठा संगणकाच्या ताब्यात जात नाही, तर संगणक मागेल ती फाइल फोन स्वतः काढून देतो. एकदाच बरीच पुस्तके फोनवर चढवायची असतील तर आजही केबलइतका भरवशाचा मार्ग नाही. पण फोनवरील फाइलमध्ये संगणकावरून जागच्या जागी दुरुस्ती करता येत नाही, आणि कॉपी करताना फाइल शेवटची कधी बदलली ती मूळ तारीख टिकेलच असेही नाही. ती तारीख गेली, की दोन प्रतींपैकी ताजी कोणती हे ओळखण्याची सोपी खूणच जाते. म्हणून रोज बदलणाऱ्या कागदपत्रांसाठी केबल उपयोगाची नाही.

तिथे फोल्डर सिंक करणाऱ्या सेवा येतात. ‘संगणकावर एक फोल्डर, त्यात टाकाल ते सगळीकडे’ ही कल्पना २००८ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ड्रॉपबॉक्सने लोकप्रिय केली आणि मग गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल यांच्या सेवांनी ती घरोघरी पोहोचवली. मोफत खात्यांच्या मर्यादा ज्याने त्याने पाहून घ्याव्यात. ड्रॉपबॉक्सने २०१९ मध्ये मोफत खात्याला तीनच उपकरणे जोडता येतील असे ठरवले, आणि गुगलची १५ जीबी जागा ड्राइव्हपुरती नसून तीत ईमेल आणि छायाचित्रेही धरली जातात. ज्यांना मजकूर कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचाच नाही, त्यांच्यासाठी २०१३ पासून सिंकथिंग हा मुक्तस्रोत कार्यक्रम आहे. तो आपल्याच दोन यंत्रांना परस्परांशी जोडतो, वाटेतला मजकूर कूटबद्ध करतो आणि फाइलचे तुकडे पाडून त्यांतले बदललेले तेवढेच तुकडे पाठवतो. (फक्त बदल पाठवण्याची ही युक्ती नवी नाही, १९९६ च्या आरसिंक या कार्यक्रमाने ती फार पूर्वीच रूढ केली होती.) लेखकाचे अप्रकाशित हस्तलिखित ज्याच्या हाती विश्वासाने दिलेले असते, त्याला हा मार्ग विशेष सोयीचा वाटतो. मात्र दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू असावी लागतात, हे अनेक जण विसरतात आणि संगणक बंद करून फोनवर ताजी प्रत शोधत बसतात. शिवाय सिंकथिंगच्या मूळ कर्त्यांनी अँड्रॉइडसाठीचे अधिकृत ॲप २०२४ च्या डिसेंबरनंतर पुढे चालवले नाही. त्याच मूळ प्रतीवरून इतरांनी सुरू ठेवलेली आवृत्ती आता वापरावी लागते, आणि जुन्या लेखांत दिलेले दुवे पाहून वाचक गोंधळतात.

‘संगणकावर बदल केला, पण फोनवर जुनेच दिसते’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. तिचे कारण बहुतेक वेळा सिंक करणाऱ्या सेवेत नसून फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या व्यवस्थेत असते. अँड्रॉइडच्या २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून फोन बराच वेळ पडून राहिला की पार्श्वभूमीवरची कामे थांबवून ठेवली जातात आणि अधूनमधून थोडा वेळ देऊन एकत्र उरकली जातात. आयफोनमध्ये तर पार्श्वभूमीवर सतत सिंक करत राहण्याची मुभा ॲपला मुळात मिळतच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळणे, किंवा बाहेर पडण्यापूर्वी ते ॲप एकदा उघडून सिंक पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबणे, एवढाच यावरचा उपाय आहे. तो साधा आहे, पण मार्गदर्शनपर लेखांत क्वचितच सांगितला जातो.

याहून फसवा प्रकार म्हणजे फाइल दिसते, पण असत नाही. जागा वाचावी म्हणून क्लाउड सेवा फाइलचे फक्त नाव आणि चिन्ह यंत्रावर ठेवतात आणि उघडू गेल्यावर खरी फाइल उतरवून घेतात. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हने २०१७ मध्ये विंडोजवर ही सोय आणली, आणि फोनवरील क्लाउड ॲप तर जवळजवळ सगळीच अशी चालतात. इंटरनेट असेपर्यंत फरक कळत नाही. बोगद्यात किंवा विमानात शिरल्यावर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नुसते चक्र फिरत राहते. हवे ते पुस्तक ‘ऑफलाइन’ ठेवण्याचा पर्याय प्रत्येक सेवेत असतो. तो निवडल्यावर फोन विमान-मोडवर टाकून पुस्तक खरोखर उघडते का आणि मधले एखादे प्रकरण दिसते का, हे घरीच पाहून घ्यावे.

फाइलच्या नावाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण देवनागरीत नावे देणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची झळ इतरांपेक्षा जास्त लागते. विंडोजवर एका नावात २५५ चिन्हे मावतात. अँड्रॉइड फोनच्या साठ्यात मर्यादा २५५ बाइटची असते. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सारी चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. म्हणजे फोनवर देवनागरी नावाला जेमतेम ८५ चिन्हांची जागा उरते. ग्रंथनाम, लेखक, प्रकाशन, आवृत्ती असे सगळे नावातच कोंबण्याची सवय असेल, तर तीच फाइल संगणकावर नीट राहते आणि फोनवर जायला नकार देते. ॲप मात्र ‘त्रुटी आली’ यापलीकडे काही सांगत नाही. लिनक्सवर नावात विसर्गचिन्हासारखा दिसणारा कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालून जाते, विंडोजवर आणि फोनवर चालत नाही. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी, की ‘ऱ’ हे अक्षर एका संकेताने साठवता येते, तसेच ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) अशा दोन संकेतांनीही साठवता येते. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नावे अशी सुटी करून ठेवत असे. त्यामुळे ‘दुसरी’ला जे होत नाही ते ‘दुसऱ्या’ला होऊ शकते: डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे यंत्राच्या लेखी वेगळी ठरतात आणि फोल्डरमध्ये एकाच पुस्तकाच्या दोन प्रती उभ्या राहतात. नावे आखूड ठेवावीत आणि बाकीची माहिती पुस्तकाच्या आतल्या नोंदीत भरावी, हे बरे.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. एकच फाइल दोन्हीकडे बदलली तर काय होते? मी प्रवासात, नेटवर्क नसताना, फोनवर एका प्रकरणाच्या पीडीएफमध्ये पाच-सात ठिकाणी शेरे लिहितो. त्याच सुमारास कार्यालयातील सहकारी संगणकावर त्याच फाइलमध्ये दोन शेरे घालतो. फोन नेटवर्कमध्ये येतो तेव्हा सिंक करणाऱ्या सेवेपुढे एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली असतात. तिला शेऱ्यांतले काही कळत नाही. तिच्यासाठी पीडीएफ म्हणजे बाइटची एक लांबलचक रांग. प्रामाणिक सेवा अशा वेळी एक प्रत मूळ नावाने ठेवते आणि दुसरीच्या नावाला तारीख, वेळ आणि ‘संघर्ष’ अशा अर्थाची शेपटी जोडून तिला शेजारी ठेवते. मग माझे शेरे एका प्रतीत, सहकाऱ्याचे दुसऱ्या प्रतीत, आणि मुद्रणालयाकडे जाते ती मूळ नावाची प्रत, म्हणजे निम्म्याच दुरुस्त्यांची. काही ॲप तर ही शेपटीवाली प्रतही ठेवत नाहीत. ज्या फाइलची वेळ नंतरची ती खरी मानून दुसरी पुसून टाकतात. दोन्ही यंत्रांपैकी एकाचे घड्याळ पुढे असले, की जुनी प्रत नवीवर मात करते. आमच्या कामात आम्ही म्हणूनच नियम ठेवला आहे, की एका वेळी एकाच्याच हाती फाइल, आणि संध्याकाळी संघर्षाची शेपटी असलेली नावे शोधून फोल्डर तपासायचे. हा नियम माणसांनी पाळायचा आहे, यंत्र तो पाळून देत नाही.

सिंक आणि बॅकअप यांतला फरकही याच ठिकाणी लक्षात घ्यायला हवा. सिंकचे काम दोन्हीकडे सारखेपणा राखणे हे आहे, आणि सारखेपणात पुसणेही आलेच. फोनमधली जागा भरली म्हणून तिथले फोल्डर रिकामे केले, तर काही क्षणांत संगणकावरचेही रिकामे होते, आणि तसे होणे हे सेवा नीट चालल्याचे लक्षण असते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते, त्यानंतर ती जाते. सिंकथिंगमध्ये एखादे फोल्डर ‘फक्त पाठवणारे’ किंवा ‘फक्त घेणारे’ असे नेमता येते. पुस्तकसंग्रहासाठी संगणक पाठवणारा ठेवला, तर फोनवरची उलथापालथ संगणकापर्यंत पोहोचत नाही. एवढे करूनही तिसरीकडे, सिंकच्या फेऱ्यात न येणारी एक प्रत हवीच. मोठ्या कंपन्यांच्या सेवाही चुकतात, याचे उदाहरण फार जुने नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुगल ड्राइव्हच्या संगणकावरील ॲपच्या काही आवृत्त्यांतील दोषामुळे काही वापरकर्त्यांच्या, अजून वर न चढलेल्या फाइली दिसेनाशा झाल्या आणि त्या परत मिळवण्याची सोय असलेली सुधारित आवृत्ती कंपनीला काढावी लागली.

पुस्तकसंग्रह नीट लावण्यासाठी अनेक जण कॅलिबर वापरतात. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा मुक्तस्रोत कार्यक्रम आजही त्या कामात अव्वल आहे, पण त्याचे सगळे फोल्डरच क्लाउडमध्ये टाकून दोन संगणकांवर एकाच वेळी उघडणे धोक्याचे आहे. संग्रहाची सूची एका डेटाबेस फाइलमध्ये असते, आणि ती अर्धवट लिहिली जात असताना सिंकने उचलली, तर सूचीच बिघडते. संशोधनाचे संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरोच्या बाबतीतही हेच. अशा कार्यक्रमांचा डेटाबेस त्यांच्या स्वतःच्या मार्गानेच न्यावा. कॅलिबरमध्ये सर्व्हर सुरू करण्याची सोय अंगभूत आहे. घरच्या वाय-फायवर फोनच्या ब्राउझरमध्ये आपला सगळा संग्रह उघडतो आणि हवे ते पुस्तक उतरवून घेता येते. सूचीला हात लागत नाही, प्रत फोनवर येते, आणि कोणतेही खाते काढावे लागत नाही.

येथपर्यंतच्या अडचणींवर काही ना काही तोड आहे. वाचकाच्या खुणांचे तसे नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

पीडीएफचे पान ठरलेले असते. १९९३ मध्ये ॲडोबीने आणलेले आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झालेले हे स्वरूप छापील पानाची हुबेहूब प्रतिकृती राखते, म्हणून ११२ वे पान संगणकावरही ११२ वे आणि फोनवरही ११२ वेच. त्याच्या प्रमाणात शेरे आणि अधोरेखने फाइलच्या आतच लिहून ठेवण्याची व्यवस्था आहे. व्यवस्था असली तरी ती वापरणे मात्र ॲपच्या मर्जीवर. फोनवरची काही ॲप पिवळी केलेली ओळ फाइलमध्ये न लिहिता स्वतःच्या खासगी कोठीत ठेवतात. फाइल क्लाउडमार्गे संगणकावर येते ती कोरी. हे ओळखण्याची एक झटपट चाचणी आहे. फोनवर एक ओळ अधोरेखित करावी, फाइल बंद करावी आणि संगणकावर दुसऱ्याच कंपनीच्या कार्यक्रमात ती उघडावी. ओळ पिवळी दिसली तर ते ॲप ठेवावे, नाही दिसली तर त्यावर गंभीर काम करू नये. मी नवे ॲप घेताना बाकीची वैशिष्ट्ये नंतर पाहतो.

ईपबचा मामला अधिक गुंतागुंतीचा आहे. ईपब म्हणजे वस्तुतः वेबपानांचे एक झिप गाठोडे. त्यातला मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आणि अक्षराच्या आकाराप्रमाणे नव्याने वाहतो, आणि तेच त्याचे सुख आहे, कारण फोनच्या अरुंद पडद्यावर पीडीएफ डावी-उजवीकडे सरकवत वाचणे ही शिक्षाच असते. पण मग ‘पान ११२’ याला अर्थ उरत नाही. संगणकावर जे ११२ वे पान आहे ते फोनवर ३०० च्या पुढे कुठेतरी असते. म्हणून वाचनाची जागा पानाने न सांगता रचनेने सांगावी लागते: अमुक प्रकरणाची फाइल, तिच्यातला अमुक परिच्छेद, त्यातले इतकावे अक्षर. ईपबसाठी असा पत्ता लिहिण्याची प्रमाण पद्धत आहे. तिची अडचण एवढीच, की प्रकाशकाने सुधारित प्रत दिली आणि मध्ये एक परिच्छेद घातला, की पुढचे पत्ते सरकतात.

ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेने ही जागा जुळवण्याचे काम २००९ पासून बऱ्यापैकी केले आहे, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. फोनवर थांबलात तिथून संगणकावर किंवा वाचनयंत्रावर पुढे वाचता येते. पण ही व्यवस्था ‘सर्वांत पुढे गेलेली जागा’ धरून चालते. शेवटच्या टिपा पाहायला कुणी पुस्तकाच्या अखेरीला गेला, किंवा एकाच खात्यावर घरातले दोघे एकच पुस्तक वाचत असले, तर दुसऱ्या यंत्रावर नको तिथे उडी मारण्याचा प्रस्ताव येतो. तसेच स्वतःची कागदपत्रे केबलने किंडलवर टाकली तर त्यांची जागा जुळत नाही. ती कंपनीच्या ‘सेंड टू किंडल’ मार्गानेच पाठवावी लागतात. कोरीडर या मुक्तस्रोत वाचन-कार्यक्रमात वेगळी गंमत आहे. तो दोन यंत्रांवरचे पुस्तक एकच आहे हे फाइलच्या आशयावरून काढलेल्या ठशाने ओळखतो. तुम्ही संगणकावर कॅलिबरमध्ये लेखकाचे नाव दुरुस्त केले, मुखपृष्ठ बदलले आणि पुस्तक पुन्हा फोनवर पाठवले, की ठसा बदलतो आणि वाचन पहिल्या पानावर. ठशाऐवजी फाइलच्या नावावरून ओळखण्याचा पर्याय त्यात आहे, तो निवडावा; मग नाव मात्र बदलायचे नाही.

वाचनाची जागा हरवली तर फार तर दहा मिनिटे शोधाशोध होते. अधोरेखने आणि समासातल्या टिपा हरवल्या तर वाचनाचेच काम गेले. अभ्यास करणारा विद्यार्थी, परीक्षक, संपादक, अनुवादक, कुणीही घ्या. त्याने एका ग्रंथावर महिनोन्‌महिने जे लिहिले ते ग्रंथाच्या किमतीपेक्षा मोलाचे असते. आणि नेमके तेच आज ॲपच्या कोठीत बंद आहे. ज्या कंपनीच्या दुकानातून पुस्तक घेतले, तिच्याच ॲपमध्ये टिपा दिसतात. ॲप बदलायचे म्हटले तर पुस्तकही मागे राहते आणि टिपाही. किंडलवर अधोरेखित मजकूर बाहेर काढण्याची सोय आहे, पण ठरावीक प्रमाणापलीकडे तो काढू न देण्याची मर्यादा प्रकाशकाला घालता येते. म्हणजे वाचकाने खूण केली, पण ती परत मागताना त्याला प्रकाशकाची परवानगी लागते.

याचा सर्वांत बोलका प्रसंग २०१९ चा आहे. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि विकलेली पुस्तके जुलैपासून उघडेनाशी झाली. कंपनीने ग्राहकांना पुस्तकांचे पैसे परत केले, यात तिची सचोटी दिसते. पण ज्यांनी त्या पुस्तकांत टिपा लिहिल्या होत्या, त्यांना वर २५ डॉलरची जादा भरपाई दिली गेली. वाचकाच्या खुणा ही स्वतंत्र मालमत्ता आहे आणि ती नष्ट केली तर काही देणे लागते, हे एका बलाढ्य कंपनीने असे व्यवहारातच मान्य केले. फक्त ती मालमत्ता वाचकाच्या हाती परत देण्याऐवजी एक सरसकट आकडा ठरवला. एका ग्रंथावरच्या दोन ओळी आणि दुसऱ्या ग्रंथावरचा प्रबंधाचा कच्चा खर्डा, दोन्हींची किंमत तीच. त्यानंतर परिस्थिती सैल होण्याऐवजी आवळतच गेली आहे. ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रावर चढवण्याची सोय बंद केली. कंपनीच्या मार्गाखेरीज दुसरा मार्ग राहू नये, असाच या निर्णयाचा परिणाम आहे.

हे सारे तांत्रिक अपरिहार्यतेमुळे घडते, असे मानायला जागा नाही. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने टिपा लिहून ठेवण्याची एक खुली पद्धत २०१७ मध्येच शिफारस म्हणून प्रसिद्ध केली आहे. तिच्यात खूण केलेल्या ओळीचा नुसता पत्ता नव्हे, तर ती ओळ आणि तिच्या मागचा-पुढचा थोडा मजकूरही नोंदवता येतो. परिच्छेद सरकला, अक्षर मोठे केले, ॲप बदलले, तरी त्या शब्दांचा शोध घेऊन खूण आपली जागा पुन्हा गाठू शकते. अशा नोंदींची फाइल काही किलोबाइटांची असते; ती पुस्तकाशेजारी त्याच फोल्डरमध्ये ठेवली, तर वर वर्णन केलेली कोणतीही सिंक सेवा ती विनासायास नेईल. नक्कल होऊ नये म्हणून पुस्तकावर तांत्रिक कुलूप असले तरी टिपांवर ते असण्याचे कारण नाही, कारण टिपा प्रकाशकाने लिहिलेल्या नसतात. अधोरेखित उताऱ्यांपुरता हक्काचा प्रश्न मी समजू शकतो. समासातल्या माझ्या वाक्यांवर मात्र तो लागू होत नाही.

तोवर वाचकाने काय करावे? माझ्यापुरते मी असे ठरवले आहे, की कुलूप नसलेली पुस्तके शक्यतो ईपबमध्ये घ्यावीत, कामाच्या पीडीएफवर टिपा फाइलमध्येच लिहिणारे ॲप वापरावे, आणि दुकानाच्या ॲपमध्ये वाचलेल्या पुस्तकांच्या टिपा पुस्तक संपताच बाहेर काढून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवाव्यात. ही फाइल उघडायला कोणत्याही एका कंपनीचे ॲप लागत नाही. मोठी टिप्पणी असेल तर ती आधीच वेगळ्या फाइलमध्ये लिहितो आणि तिच्याबरोबर मूळ ओळीचे पहिले चार-पाच शब्द टिपून ठेवतो, म्हणजे कोणत्याही प्रतीत शोधून ती जागा सापडते. थोडे कंटाळवाणे आहे खरे, पण दोन यंत्रांत काम करताना निम्मा भरवसा एवढ्यावरच आहे.

आपल्याकडून अपेक्षा अशी, की वाचनाच्या एखाद्या ॲपची किंवा सेवेची ओळख करून देणारा मजकूर छापताना तिची मांडणी किती देखणी आहे आणि रात्रीसाठी काळा पडदा आहे की नाही, याबरोबर तिच्यात केलेल्या टिपा कोठे साठतात, त्या कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येतात, आणि फोनवरून पुस्तक पुसले तर संगणकावरच्या प्रतीचे काय होते, हेही लेखकाने तपासून लिहावे. या तपासणीला तासभरही पुरतो. वृत्तपत्रांच्या ई-आवृत्त्याही या चौकशीतून सुटू नयेत: वाचकाने फोनवर जपून ठेवलेले कात्रण त्याच्या संगणकावर उघडते का, आणि वर्गणी संपल्यावर त्याच्याकडे राहते का, याचे उत्तर वाचकाला वर्गणी भरण्यापूर्वी मिळाले पाहिजे.

कळावे,

आपला,
एक मुद्रितशोधक वाचक